अन्न वगळून महागाई मोजायची?

2023-24 च्या आर्थिक पाहणीत एक सूचना आहे: महागाईचं लक्ष्य अन्नपदार्थ वगळून ठरवता येईल का, ते तपासावं. कारण सरळ आहे. रेपो दर वाढला की कर्ज महागतं, मागणी घटते. पण पावसात गेलेला टोमॅटो काही त्याने परत येत नाही. जुलै 2023 मध्ये किरकोळ महागाई 7.44 टक्के होती, ऑक्टोबरात 4.87. रेपो मात्र 6.5 वरच. इथपर्यंत पाहणीचं म्हणणं पटतं.

घोळ पुढे आहे. धक्का तात्पुरता असतो हे गृहीतक झालं, निष्कर्ष नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये महागाई पुन्हा 6.21 वर गेली, तीही मुख्यतः भाज्यांमुळे. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार घ्या. वाशीच्या बाजार समितीत भाजी वारंवार कडाडली, तर तो मजुरी वाढवून मागणार. मजुरी वाढली की सेवा महागणार. म्हणजे वगळलेलं अन्न मागच्या दाराने आकड्यात शिरणारच.

शिवाय 2012 पायाच्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार 45.86 टक्के होता. तो काढल्यावर 4 टक्क्यांचं लक्ष्य नेमकं कोणाच्या खर्चाचं? गरिबांना कूपन द्या, असं पाहणी सुचवते. पण कूपनाची रक्कम भावाबरोबर वाढणार का?

तेव्हा संशोधनाचा प्रश्न 'अन्न धरावं की नाही' असा मांडू नका. अन्नाचा भाव मजुरीत उतरतो का, किती महिन्यांनी, असं विचारा. उतरतच नसेल तर पाहणी बरोबर. उतरत असेल, तर अन्न वगळणारी बँक उशिराच जागी होईल आणि मग व्याजदर जास्त चढवावा लागून वाढीला फटका बसेल.