आतड्याची कैफियत

मराठी वाङ्मयात हृदयाला जो मान मिळाला तो आतड्याला मिळाला नाही, ही तक्रार वरवर विनोदाची वाटेल. परंतु पोटाच्या रेंगाळणाऱ्या दुखण्यापायी ज्याने रात्री जागून काढल्या आहेत, त्याला ती तशी वाटणार नाही. कधी मलावरोध, कधी अतिसार, आणि त्या सर्वांच्या मागे ‘हा कर्करोग तर नव्हे?’ हा एकच प्रश्न. प्रस्तुत लेखकाने चंद्रपुरास असे सहा महिने काढले. त्या काळात सोबतीस पुस्तके शोधली, तेव्हा ही उणीव ध्यानात आली.

प्रथम हाती घेतले ते आमच्याच मुलखातले पुस्तक : गडचिरोलीस आयुष्य वेचणाऱ्या डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००). वैद्यच रोगी झाला म्हणजे काय होते, हे त्यात प्रांजळपणे सांगितले आहे. आहार, व्यायाम, ध्यान यांची माहिती इतरत्रही मिळेल. मृत्यूचे भय लपवून न ठेवणे, हे या पुस्तकाचे खरे मोल होय. तथापि हृदय हे मुळातच काव्याचे माहेर. त्याच्या रोगात साक्षात्कार शोभून दिसतो. शौचकूपात भेदरून बसलेल्या माणसाला तो शब्द उच्चारण्याचे धैर्य कोठून यावे?

त्याच्या वाट्यास बहुधा हसेच येते. मोलिएरच्या अखेरच्या नाटकातील आर्गां पडदा उघडताच औषधांच्या व बस्तींच्या बिलांची बेरीज करीत बसलेला दिसतो. प्रेक्षक हसतात, पण ती भूमिका करणारा मोलिएर खराच आजारी होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी चौथ्या प्रयोगात त्याला रंगभूमीवरच झटका आला व त्याच रात्री तो वारला. काल्पनिक रोगी आणि खरा रोगी यांच्यामधील भिंत एवढी पातळ असते.

टॉल्स्टॉय अधिक खोल जातो. ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ (१८८६) या कथेत वैद्य मूत्रपिंडाचा दोष की आतड्याचा, याचा खल करीत राहतो. ‘दुखणे गंभीर आहे काय?’ या रोग्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. न्यायाधीश इव्हानला उमगते की, आपण आरोपींपुढे जो तोरा मिरवला, तोच आज आपल्यापुढे मिरवला जात आहे. रोगापेक्षाही घरच्यांचा खोटेपणा त्याला अधिक छळतो.

या बाबतीत आमची भाषा आमच्या लेखकांहून शहाणी आहे. भयाने पोटात गोळा उठतो, लेकरासाठी आतडे तुटते. मन व आतडे यांचे हे नाते आजचे वैद्यकही मानते. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात देहाच्या व्याधींची लांबलचक यादी देताना समर्थ लाजले नाहीत. ही लाज बहुधा आम्हा इंग्रजी शिकलेल्यांचीच.

आणि ती निरुपद्रवी नाही. पोटाची बहुतेक दुखणी कर्करोगाची नसतात. पण मलावाटे रक्त जाणे, कारणावाचून वजन घटणे, शौचाची सवय बदलून तशीच राहणे, ही लक्षणे वैद्यास सांगितलीच पाहिजेत. वेळीच कळलेला रोग बरा होण्याची आशा मोठी असते. नागपुरास लेखकाची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली; परंतु तोवर त्याने पत्नीजवळही अवाक्षर काढले नव्हते. शब्द ठाऊक नव्हते असे नाही. ते सभ्य माणसाने उच्चारावेत, अशी मुभा वाचलेल्या कोणत्याही मराठी पुस्तकाने त्याला दिली नव्हती. ती देणारे पुस्तक कोणीतरी लिहावे.