तीन एपिसोडचं आजारपण

श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' 2015 च्या फेब्रुवारीत लागला, तेव्हा आमच्याकडे बदलापुरात त्याची चर्चा झाली ती आधी नावामुळे. दिग्दर्शकाला त्या नावातला 'बदला' तेवढा हवा होता, हे सिनेमा बघितल्यावर कळलं. पुण्यात बँकेच्या दरोड्यात बायको आणि मुलगा गमावलेला रघू बदलापुरात येऊन राहतो, कारखान्यात नोकरी करतो आणि पंधरा वर्षं वाट बघतो. सिनेमा पक्का बांधलेला आहे आणि नवाजुद्दीन सिद्दिकीचा लायक विसरता येत नाही. पण पंधरा वर्षांत एकाही शेजारणीला "त्या वरच्या मजल्यावरच्यांचं काही ठीक दिसत नाही हो" असं वाटलं नाही? तेही बदलापुरात? इथे दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराला लटकत राहिली तरी चार दारं उघडतात. हिंदी सिनेमाला पुरुषाचं दुःख एकाच वाटेने न्यायचं ठाऊक आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला हत्यार असतं. या माणसाला उपचारांची गरज आहे, ही शक्यता पटकथेत शिरूच दिली जात नाही.

याच रेल्वेमार्गावर, कल्याणच्या पलीकडे, दहा वर्षं आधी निशिकांत कामतांनी 'डोंबिवली फास्ट' केला होता. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे बँकेत नोकरीला. तोच गजर, तीच घाई, तीच लोकल, हे एकासारखे एक दिवस सुरुवातीला ज्या तऱ्हेने एकमेकांना जोडलेत, तसं चाकरमान्याच्या मनाचं चित्र मराठीत क्वचितच आलं असेल. मग थंड पेयाच्या बाटलीवर जादा पैसे मागणाऱ्या दुकानात आपटेची बॅट फिरते आणि सिनेमा घाईघाईने त्याला भ्रष्टाचाराविरुद्धचा योद्धा करून टाकतो. टाळ्या पडल्या, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मोडलेल्या माणसाला एकदा क्रांतिकारक केला, की त्याच्या बायकोने रात्री काय करायचं हा प्रश्न लेखकाला सोडवावा लागत नाही.

आमच्याकडे मनोरुग्णालय म्हणजे ठाणे. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य शाळेत, कंपनीत, डब्यातल्या चौथ्या सीटच्या भांडणात सर्रास ऐकू येतं. ते रुग्णालय 1901 सालचं. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान होऊ घातलेलं नवं स्थानकही त्याच्याच जागेवर. म्हणजे उद्या बदलापूरची लोकल तिथून जाईल. पण त्या आवाराच्या आत काय चालतं याची आमच्या डोळ्यांपुढची चित्रं आली आहेत ती मात्र सिनेमातून. 'खामोशी'मध्ये (1969) वहिदा रहमानची नर्स रुग्णाला प्रेमाने बरं करते आणि शेवटी स्वतःच त्या खोलीत जाऊन पडते. 'खिलौना'मध्ये (1970) संजीव कुमारला बरं करायला घरात तवायफ आणून ठेवतात. म्हणजे औषध कुठलं, तर बाई. 'तेरे नाम'पर्यंत (2003) या समजुतीत फार फरक पडला नाही. 'भूल भुलैया'त (2007) डॉक्टर अमेरिकेहून येतो खरा, पण उपचार होतात ते मांत्रिकाच्या साथीने उभारलेल्या नाटकातून. 2019 मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हरकत घेतल्यावर 'मेंटल है क्या'चं 'जजमेंटल है क्या' झालं. दोन अक्षरं वाढली, एवढंच.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते विजेच्या शॉकच्या दृश्याने. चार वॉर्डबॉय, पट्टे, फिरलेले डोळे, किंकाळी आणि लगेच बाहेर आलेला शून्य नजरेचा नायक. खरी प्रक्रिया बघायला गेलं तर कंटाळवाणी. रुग्णाला उपाशीपोटी आणतात, भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, आणि बघणाऱ्याला दिसते ती पायाच्या बोटांची थोडी थरथर. भूल न देता शॉक देण्याला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाईच आहे. तरीही खोल नैराश्यात अन्नपाणी सोडलेल्या बाईसाठी डॉक्टर हा उपाय सुचवतात, तेव्हा नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते सिनेमातलेच चार वॉर्डबॉय.

मराठीत या विषयाला घर मिळालं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याकडे. त्याआधी काही नव्हतं असं नाही. 'चौकट राजा'तला (1991) दिलीप प्रभावळकरांचा नंदू अजून लोकांच्या मनात आहे. पण नंदूची अडचण बुद्धीच्या वाढीची. तो मनोविकार नव्हे. स्नेहसंमेलनांतून त्याच्या इतक्या नकला झाल्या, की पुढे कितीतरी वर्षं पडद्यावरचा कुठलाही मनोरुग्ण नंदूसारखाच मान वाकडी करून बोलायला लागला. भावे-सुकथनकरांच्या 'देवराई'ने (2004) हा साचा मोडला. अतुल कुलकर्णीचा शेष हुशार आहे, त्याच्या बोलण्याला टोक आहे आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे आधी कुणी दाखवलंच नव्हतं. मला मात्र त्यातली जास्त आठवते ती सोनाली कुलकर्णीची सीना, शेषची बहीण. भावाला घरी आणल्यावर संसार जसा आखडत जातो, नवऱ्याशी बोलताना तिचा आवाज जसा खाली येतो, ते बघताना हे कुणीतरी आतून लिहिलंय याची खात्री पटते.

त्यांच्याच 'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृतचे प्रकांड पंडित उभे केले. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे विस्मरणाचा अभिनय कसा करू नये हे त्यांना चांगलं ठाऊक. लेक त्यांना गाडीत बसवून कामासाठी उतरते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो आणि चक्रपाणी शास्त्री गाडीतून उतरून त्याच्यामागे चालू लागतात. संध्याकाळी त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष. तिच्या लेखी प्रश्न साधा आहे: म्हातारा लहान मूल झालाय, तर त्याला मुलासारखं भरवायचं, धुवायचं. शिकल्यासवरल्या लेकीला जे लाजेने आणि अपराधीपणाने जड झालंय, ते ही बाई हातासरशी करून टाकते. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. 'कासव'ला तर थेट सुवर्णकमळ. आत्महत्येचा प्रयत्न केलेला मुलगा, त्याचं नावसुद्धा न विचारता त्याला घरी ठेवून घेणारी जानकी, आणि किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं.

या सिनेमांबद्दल मनात आदर आहे म्हणूनच तक्रारही करतो. एकात देवराई, दुसऱ्यात हत्ती, तिसऱ्यात समुद्र. आजार आला की त्याच्या पाठोपाठ प्रतीक येतं, आणि प्रतीकासाठी मोकळी जागा लागते. जानकीकडे गाडी आहे, ड्रायव्हर आहे, किनाऱ्यावर घर आहे आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. अंबरनाथमध्ये आनंदनगर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाच्या भावाला असाच आजार झाला तर? वन-रूम-किचनमध्ये रात्रभर येरझारा घालणारा भाऊ, सकाळी सात वाजता ड्युटी, शेजारी वालधुनीचा वास. तिथे कासवं येत नाहीत. त्या घराची गोष्ट या दिग्दर्शकांनीच सांगावी, असं वाटत असताना 2021 च्या एप्रिलमध्ये सुमित्रा भावे गेल्या.

माझ्या मते नैराश्यावरचा सगळ्यात चांगला मराठी सिनेमा 'गाभ्रीचा पाऊस' (2009). त्यात त्या आजाराचं नावसुद्धा येत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, आता आपला किसनाही असंच काही करेल या धसक्याने त्याची बायको अलका त्याच्यावर पाळत ठेवते. पोराला त्याच्यामागे शेतावर पिटाळते, त्याच्या आवडीचं रांधते, घरातली धोक्याची वस्तू दिसली की तिचा जीव वरखाली होतो. किसनाला काही कळतच नाही, हे एकाएकी कौतुक कसलं. सतीश मनवर यांनी हे सगळं चक्क हसवत दाखवलंय. ज्या घरात असं माणूस आहे त्या घराला हे हसू ओळखीचं असतं: दार बंद झालं की कान टवकारणं, उगाच हाक मारून बघणं, "काही नाही, सहज" म्हणणं. ते घर विदर्भातलं असलं, तरी उल्हासनगरच्या चाळीत याहून वेगळं काही घडत नाही.

उल्हासनगरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. हे शहर वसलं तेच फाळणीत सिंध सोडून आलेल्यांच्या छावण्यांतून. लष्कराच्या बराकीत आलेल्या त्या पिढीने डोळ्यांपुढे काय काय ठेवलं असेल आणि कुणाजवळ बोललं असेल, यावर मराठी पडद्यावर मी काही पाहिलेलं नाही. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी झाली, त्यावर मंटोने 'टोबा टेक सिंह' लिहिली. इथे कॅम्पांचे आकडे राहिले.

मालिकांकडे वळलं की फार काही लिहिण्याजोगं नाही, आणि तीच खरी खंत. तिथे मनाचा आजार हा तीन एपिसोडांचा ऐवज असतो. जिन्यावरून पडणं, कपाळाला पट्टी, "मी कोण?". 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीची स्मृती गेली, तेव्हा घरोघर तिची टिंगल झाली; प्रेक्षक अगदीच खुळा नाही. दुसरा प्रकार गोळ्यांच्या अदलाबदलीचा: खलनायिका स्वयंपाकघरात बाटली बदलते, कॅमेरा तिच्या भुवईवर तीनदा जातो. तिसरा सगळ्यात वाईट. कारस्थानं संपली की खलनायिका 'वेडी' होते आणि गजांआड खदाखदा हसत राहते. म्हणजे इस्पितळ हे तुरुंगाचं धाकटं भावंड.

खरं तर या आजारांना मालिकेइतका सोयीचा कलाप्रकार नाही. सिनेमाला दोन तास मिळतात, त्यामुळे त्याला शेवट शोधावा लागतो. मालिकेकडे सातशे-आठशे भाग असतात आणि हा आजारही तितकाच लांबतो. गोळ्यांनी वजन वाढतं, तोंडाला कोरड पडते. लिथियम चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या परस्पर बंद होतात आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे. धाकटीचं लग्न जुळवताना ताईचं काय सांगायचं यावरून घरात दोन तट पडतात. महिन्यातून एकदा हाफ डे टाकून गर्दीच्या लोकलने ठाण्याची ओपीडी. यातल्या प्रत्येक गोष्टीवर आठवडाभर मालिका चालेल, आणि त्यासाठी कुणाला जिन्यावरून ढकलायची गरज नाही. हळदीकुंकवाचा प्रसंग आपल्याकडे चार भाग रंगतो. ओपीडीची रांग एक भाग चालायला हरकत नसावी. त्या रांगेत बहुतेक वेळा सासू-सून दोघीच असतात, आणि केसपेपर कुणी धरायचा इथून त्यांची सुरुवात होते.