काचेआडची राज्यघटना

२६ नोव्हेंबर आला की महाविद्यालयांतून राज्यघटनेचे प्रदर्शन भरते. नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या हस्तलिखित प्रतीची छायाचित्रे, उद्देशिकेचा फलक, राजेंद्रप्रसादांच्या हाती मसुदा देणारे बाबासाहेब. मग हार, समई आणि उद्देशिकेचे सामुदायिक वाचन. अशी प्रदर्शने मीही मांडली आहेत. तेव्हा ही टीका प्रथम माझ्यावर आहे.

या मांडणीत राज्यघटना वरून खाली येते. कुणी लिहिली, कुणी स्वीकारली, आम्हांला मिळाली. हक्क मागणारा माणूस तिथे दिसतच नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पण फलक रंगवताना मलाही तो आठवला नाही.

तो तर याच अमरावतीत उभा होता. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२७ साली इथल्या अस्पृश्यांनी सत्याग्रह पुकारला. त्याच प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटना समितीने मंजूर केले ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी. आज ते कलम १७ आहे. त्याच्या एकवीस वर्षे आधीचा हा प्रसंग प्रदर्शनात नसेल, तर विद्यार्थी कलम पाठ करील. त्याची किंमत त्याला कळणार नाही.

जुन्या वस्तू जपू नयेत, असे मी म्हणत नाही. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे टंकलेखनयंत्र पाहताना माझेही हात जोडले जातात. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीचा धोका त्यांनीच सांगितला होता. जोडलेल्या हातांनी पुस्तक उघडता येत नाही.

याउलट अकोल्याचा धम्ममेळावा पाहावा. खेड्यापाड्यांतून बाया-माणसे येतात, भाषणे ऐकतात, ग्रंथांच्या दुकानांपुढे थांबतात. निःशस्त्र आणि शांततेने एकत्र जमण्याचे कलम १९ मधले स्वातंत्र्य तिथे फलकावर नसते. माणसे ते वापरत असतात.

म्हणून पुढच्या प्रदर्शनात पहिला फलक १९२७ चा असावा आणि शेवटचा कोरा. आपल्या गावच्या पाणवठ्यावर, देवळात, स्मशानभूमीत कलम १७ पोहोचले आहे काय, हे विद्यार्थ्यांनी त्यावर लिहावे. तो फलक पाहुण्यांना रुचणार नाही. तरीही तो दारातच लावावा.