पुनःप्रकाशित ध्वनिमुद्रिका आणि कर्तृत्वाचा प्रश्न

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या ध्वनिमुद्रिकेची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या वृंदातून १९८५ मध्ये बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सने तीच कृती जुन्या सहकाऱ्यांना वगळून नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि 'रिडक्स' या नावाने प्रसिद्ध केली. पहिल्या उपक्रमात जुना पाठ जपला आहे, दुसऱ्यात मूळ कर्ता म्हणवणाऱ्यानेच तो बदलला आहे. यांपैकी प्रमाण संहिता कोणती?

संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला हा पेच परका नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पंढरपूरचा पक्षही आहेच. त्यांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने नामदेव गाथा प्रसिद्ध केली. म्हणजे तीही वर्धापनाचीच आवृत्ती. 'नामा' ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग नामदेवांचा नव्हे, त्यांत उत्तरकालीन विष्णुदास नामाची रचना मिसळली आहे, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. मुद्रा ही स्वाक्षरी असते तशीच ती परंपरेत सामील होण्याची खूणही असते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील श्रेयनामावलीचे स्वरूप याहून फार वेगळे नाही.

या दृष्टीने क्लेअर टॉरी या गायिकेचे प्रकरण बोलके आहे. 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेतील तिचे शब्दविरहित गायन जानेवारी १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झाले. सुरावट लिहून दिलेली नव्हती. जे उमटले ते त्या वेळी, तिच्या कंठातून. मानधन तीस पौंड. वेष्टनावर गायिका म्हणून नाव आले, परंतु रचनेचे श्रेय एकट्या रिचर्ड राइटला मिळाले. २००४ मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर सहरचनाकार म्हणून तिचे नाव छापले जाऊ लागले. ध्वनी तोच, कर्ता मात्र बदलला! १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित करणाऱ्या रोलाँ बार्थच्या सिद्धान्ताला येथे एक अडचण उभी राहते. ज्याला लेखकपण कधी मिळालेच नाही, त्याच्या बाबतीत मृत्यूची घोषणा पोकळ ठरते. जनाबाईचे अभंग नामदेव गाथेच्या अंतर्गत छापले जात, तरी तिची मुद्रा तिच्याजवळ होती. टॉरीच्या शब्दविरहित स्वराला मुद्रा उमटवण्यासाठी जागाच नव्हती.

'रिडक्स'मध्ये त्या गायनाच्या जागी वॉटर्सचे गद्य निवेदन आले आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेतील सर्व गीतांचे शब्द त्याचे आहेत, हे निर्विवाद. परंतु शब्दकर्ता म्हणजेच कृतिकर्ता हे समीकरण या कृतीपुरते तरी टिकत नाही. वृद्धाच्या आवाजातील ते चिंतन काही ठिकाणी हृद्य आहे. तथापि तो मूळ कृतीचा सुधारित पाठ नसून तिच्यावरील भाष्य आहे, आणि भाष्य म्हणूनच त्याचे मोल करावे लागेल.

उलट, सुवर्णमहोत्सवी आवृत्तीने एकही स्वर गाळलेला नाही. अखेरच्या हृदयस्पंदनांवर उमटणारा, ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहाचा द्वारपाल जेरी ओ'ड्रिस्कॉल याचा आवाजही तिच्यात आहे. रचनाकारांच्या श्रेयात त्याला अद्याप स्थान नाही.