वर्गाध्यापनातील प्रबलन : एक चिकित्सा

वर्तनवादी अध्ययन उपपत्तीचा वर्गातील अर्थ 'बक्षीस द्या' एवढाच घेतला जातो. वस्तुतः बी. एफ. स्किनर यांनी १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या वर्गास भेट दिली, तेव्हा उत्तर बरोबर की चूक हे विद्यार्थ्यांना तत्काळ कळत नाही, हा दोष त्यांना जाणवला. लहान पायऱ्या, सक्रिय प्रतिसाद व तत्काळ प्रत्याभरण या तत्त्वांवर त्यांनी क्रमान्वित अध्ययनाची मांडणी केली. तीत उत्तर बरोबर आल्याचे कळणे हेच प्रबलन होय. ऋण प्रबलन व शिक्षा यांतही गल्लत होते. ऋण प्रबलनाने वर्तन वाढते, शिक्षेने ते दडपले जाते.

बक्षिसाची मर्यादा लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगातून स्पष्ट होते. चित्रे काढण्याची आवड असलेल्या ज्या बालकांना प्रशस्तिपत्राचे आश्वासन आधीच दिले होते, त्यांनी नंतर मुक्त वेळेत चित्रांना इतरांपेक्षा कमी वेळ दिला. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांत ही घट आढळली नाही.

सारांश, जेथे रुची नाही तेथे बक्षिसाने आरंभ करून ते क्रमशः कमी करावे. जेथे रुची आहे तेथे ते टाळावे. वह्या महिनाभराने तपासून परत देणाऱ्या अध्यापकाने बक्षिसांची संख्या वाढविण्यापूर्वी हा विलंब दूर करणे अगत्याचे आहे.