रेणूची आकृती आणि तिचा पुरावा

भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावच्या मागांवर कोशाचे सूत चढते. त्याच कुळातल्या टसर रेशमाची अंतर्रचना १९५५ सालीच छापून आली होती. कॅलिफोर्नियात रिचर्ड मार्श, रॉबर्ट कोरी आणि लायनस पॉलिंग यांनी त्या वर्षी तुतीचे रेशीम आणि टसर, दोन्हींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाग्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडच्या फिल्मवर ठिपके आणि कमानी उमटतात. त्यांच्या जागांवरून आतली अंतरे काढता येतात. तुतीच्या रेशमात प्रथिनांचे थर एकाआड एक ३.५ आणि ५.७ अँगस्ट्रॉम अंतरावर बसलेले निघाले, तर टसरमध्ये सगळीकडे सारखे ५.३. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) तुतीच्या रेशमात साखळीतला जवळजवळ दर दुसरा घटक ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, म्हणून थराची ग्लायसीनची बाजू शेजारच्या थराला अगदी भिडते. टसरमध्ये अॅलानीनच्या रांगा असल्याने दोन्ही बाजू सारख्याच जाड. ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढणारा आपला किडाही याच वंशातला.

हे काम मला थोर वाटते, पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्ष-किरणांच्या अशा विखुरण्यात, म्हणजे विवर्तनात, दिसतो तो शिस्तीत रचलेला भाग. धाग्याला लवचीकपणा देणारे, मधले विस्कळीत भाग फिल्मवर धूसर छायेपलीकडे काही ठेवत नाहीत. पाठ्यपुस्तकातले थरांचे सुबक चित्र म्हणजे अख्खा धागा नव्हे.

धागा न होणाऱ्या, गोल घडीच्या प्रथिनांची रचना काढायची तर आधी स्फटिक वाढवावा लागतो, आणि तिथेच कित्येकांची वर्षे जातात. मग दुसरी अडचण येते. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण प्रत्येक लहरीची कला, म्हणजे ती चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, फिल्मवर हरवलेली असते, आणि तिच्यावाचून अणूंच्या जागा निघत नाहीत. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचे काम १९३७ मध्ये हाती घेतले. स्फटिकात पाऱ्याचे अणू बसवून कला शोधण्याची वाट त्यांना १९५३ मध्ये सापडली आणि पहिली रचना हाती यायला १९५९ उजाडले.

या विद्येचे खरे बळ मला रंगीत चित्रांत दिसत नाही, ते दिसते तिच्या तपासता येण्यात. जेफ्री चँग यांच्या गटाने २००१ पासून पेशीपटलावरील वाहक प्रथिनांच्या रचना नामांकित नियतकालिकांत छापल्या. २००६ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी त्याच घराण्यातले एक प्रथिन सोडवले आणि मेळ बसेना. चँग यांच्या संगणक-प्रणालीत आकड्यांचे दोन स्तंभ उलटसुलट झाले होते. पाच निबंध मागे घेतले गेले. मोजलेले आकडे होते, म्हणून चूक सापडली. प्रथिनांच्या जागतिक रचना-कोशाने २००८ पासून मूळ मोजमापे देणेही बंधनकारक केले. १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या या कोशात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत.

महाराष्ट्रातली दोन कामे मला विशेष मोलाची वाटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि सहकाऱ्यांनी यॉर्कच्या डॉडसन दाम्पत्यासह १९९९ मध्ये पेनिसिलीन व्ही अॅसिलेज सोडवले. नवी पेनिसिलिने बनवण्यासाठी कच्चा माल देणारे हे विकर. अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखू न येणारे त्याचे इतर विकरांशी नाते रचनेने उघड केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर यांच्या गटाने २००६ मध्ये एड्सच्या विषाणूचे प्रोटिएज हे विकर पाहिले, तेही स्फटिकाच्या आतच त्याने आपले भक्ष्य तोडल्यावर. दोन्ही कामांत परदेशी सहकारी होते. आता इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर भाभा केंद्रानेच उभारलेली प्रथिन-स्फटिकांची क्ष-किरण शलाका आहे.

दरम्यान क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने स्फटिकाची अटच काढून टाकली, आणि अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या घड्यांचे अंदाज मांडले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल अशाच संगणकीय कामाला मिळाले. आता विवर्तनाचे काम संपले असे म्हणणारे घाई करतात. अंदाजित रचना हरवलेली कला शोधायला फार उपयोगी पडते हे खरे, पण औषधाचा रेणू नेमका कुठे, कसा बसला हे अजून मोजूनच पटते. आणि विस्कळीत भागांवर अल्फाफोल्ड स्वतःच कमी विश्वासाचा शिक्का मारते.

प्रथिनांच्या रचना मोजून काढण्याचा हा प्रश्न पूर्व विदर्भाला जवळचा आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात कुष्ठरोग अजून ठाण मांडून आहे. नागपूरचे शेखर मांडे नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. १९९६ मध्ये सिअॅटलमध्ये विम होल यांच्याबरोबर त्यांनी कुष्ठजंतूच्या चॅपरोनिन-१० या प्रथिनाची रचना सोडवली: सात साखळ्यांचे कडे, वर घुमट. विभेदन ३.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे कणा स्पष्ट पण बाजूच्या शाखा धूसर. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमात वाढतच नाही, हे लक्षात घेता ती कमाईच होती. त्याचा जीनोम २००१ मध्ये वाचला गेला. सुमारे सोळाशे प्रथिनांपैकी मोजून सोडवलेली अगदी थोडी. ही मोजणी इथल्या विद्यार्थ्यांच्या हातून व्हायची, तर नागपूर-भंडाऱ्याच्या महाविद्यालयांत स्फटिक वाढवण्याची साधी प्रयोगशाळा हवी आणि इंदूरच्या शलाकेवर त्यांच्या नावाने राखून ठेवलेला वेळ हवा.