शाळेच्या बागेतला राहिलेला हिशेब

शाळेच्या आवारात भाजीपाला पिकवून मुलांना शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये सूतकताईबरोबर शेती आणि बागकामही होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाग हवीच. आमची तक्रार आहे ती बागेत जे शिकवायचे राहून जाते त्याबद्दल.

वाफ्यांवर रंगीत पाट्या असतात, कोपऱ्यात गांडूळखताचा खड्डा असतो, पाहुणे आले की फेरी होते. ‘आमची बाग शाश्वत आहे’ असे मुले सांगतात. कशावरून, असे विचारले तर उत्तर येते, “आम्ही रासायनिक खत घालत नाही.”

हे उत्तर अपुरे आहे. साधे गणित करून पाहू. पालकाच्या भाजीत सुमारे २ टक्के प्रथिने असतात. म्हणजे १० किलो पालकात २०० ग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. तेव्हा १० किलो भाजीबरोबर ३२ ग्रॅम नत्र वाफ्यातून बाहेर गेले. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात. ही भर काढायला साडेसहा किलो शेणखत लागेल, आणि त्यातलेही सगळे नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही.

हे खत येते कुठून? गावातल्या गोठ्यातून पोती आली, तर कुणाच्या तरी शेतात तेवढे खत गेले नाही. शाळेची सुपीकता उसनी ठरली! आणि त्याच आवारात झाडलेला पालापाचोळा काडी लावून जाळला जातो. त्यातले नत्र धुराबरोबर हवेत जाते, राखेत पालाश तेवढे उरते. हा विरोधाभास सातवीच्या मुलांनाही कळेल, पण कोणी दाखवत नाही.

हवेतले नत्र जमिनीत आणण्याची सोय निसर्गात आहे. चवळीचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास हलकेच उपटून मुळावरची गाठ कापावी. आतून ती गुलाबी दिसली, तर तिच्यातले जिवाणू कामावर आहेत. मात्र शेंगा खाऊन झाल्यावर वेल उपटून आवाराबाहेर टाकले, तर त्यांतले नत्रही बाहेर जाते. फेरपालटाच्या तक्त्यात ‘द्विदल’ असे लिहून हे समजत नाही.

प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर मुळात गणिताचे प्राध्यापक. सामान्य शेतकरीही प्रयोग करू शकतो, मोजू शकतो, यावर त्यांचा भर होता. त्यांचे नाव घेऊन केलेल्या बागांत मोजमाप गाळून फक्त श्रद्धा उरावी, हे आम्हाला खटकते.

आहार शिजवतात तिथे बहुधा तराजू असतो. बागेतून निघालेली प्रत्येक जुडी आणि बागेत आलेली प्रत्येक पाटी त्यावर तोलून वहीत लिहावी. ती वही वर्षअखेरीस पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी; बागेचा हिशेब एका वर्षात लागत नाही.